खा, विक, पेर

तीन शब्दांवर त्या माणसाचं सगळं दुकान चाललं. दुकान म्हणजे पत्र्याची एक लांब शेड आणि तिच्यात मधोमध माणसाच्या दुप्पट उंचीचं धान्य चाळायचं यंत्र. पट्ट्यांची खडखड इतकी, की गिऱ्हाईकं रस्त्यावर आल्यावरही थोडा वेळ ओरडूनच बोलत. वरच्या तोंडातून पोतं ओतायचं. पंखा कोंडा उडवून लावी, पहिली चाळणी खडे अडवी, दुसरी चिमलेले दाणे खाली सोडी, आणि शेवटच्या नळीतून जे येई त्यातला एक दाणा उचलून तो माणूस, सगळ्यांचे काका, दाढेखाली धरत. कसा फुटला, फुटल्यावर आत पीठ निघालं की काचेसारखा कण, हे जिभेनंच बघत. मग खिशातला खडू काढून पोत्यावर लिहीत: खा. विक. किंवा पेर.

चौथा शब्द त्यांनी कधी लिहिला नाही. एकदा कुणीतरी बुरशी धरलेलं पोतं आणलं, तेव्हा बघ्यांना वाटलं, आता ‘फेक’ लिहितात. त्यांनी खडू खिशात टाकला आणि पोतंवाल्याला म्हणाले, “हे तू माझ्याकडे आणलंच नव्हतंस, असं समजू या आपण दोघं.”

ते जाऊन सात आठवडे झाले होते. चाळीस वर्षांची धूळ फुप्फुसात बसली होती, ती कोणत्याही चाळणीनं निघण्यासारखी नव्हती. शहरातल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी त्यांची मुलगी दोन वर्षांपूर्वी पंधरा दिवसांच्या रजेवर आली, आणि ती रजा काही संपली नाही. शेवटच्या वर्षी यंत्राचा परवानाही तिच्या नावावर झाला. लोक तिला ताई म्हणत. वडील असताना ‘आमच्या काकांची ताई’ म्हणत. आता नुसतंच ताई. सुरुवातीचे दोन शब्द कधी गळाले ते कुणाच्या लक्षात आलं नसेल. तिच्या आलं होतं.

पेरणीला तीन आठवडे उरले असताना, एका सकाळी कंपनीचा तपासनीस आला.

कंपनी म्हणजे बियाण्याची. आसपासच्या दहापैकी आठ शेतांत तिचाच गहू असे, आणि त्याला लोक एकवीस नंबर म्हणत. लांब, फिकट, एकसारखा दाणा. पिठाच्या मोठ्या गिरणीला तोच हवा होता, कारण गिरणीचं पीठ घेणाऱ्या पावाच्या कारखान्याला प्रत्येक पाव बोटभरही कमीजास्त न फुगणारा हवा होता. पाव कसा फुगावा हे यंत्र ठरवी, पीठ कसं असावं हे पाव ठरवी, आणि शेतात काय उगवावं हे शेवटी पीठच ठरवू लागलं होतं. एकवीस नंबर दर वर्षी नवा विकत घ्यायचा, मागच्या पिकातला दाणा पेरायचा नाही, असं पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं असे, आणि पाकीट फोडलं की ते मान्य केलं असं धरलं जाई.

उरलेल्या शेतांत होती ‘घाई’. हा जुना गहू. ठेंगणा, तांबूस, उत्पन्नाला कमी, पण सगळ्यांच्या दोन आठवडे आधी पिकून मोकळा होणारा. बाजारात त्याची थट्टाच जास्त व्हायची. मात्र गेल्या पाच वर्षांत उन्हाळी वाऱ्यानं आपलं वेळापत्रक बदललं. पूर्वी कापणी झाल्यावर येणारा तो भाजका वारा आता दाण्यात दूध भरत असतानाच येऊ लागला. एकवीस नंबर ओंबीतच चिमू लागला, आणि घाई तोवर पोत्यात बसून असे. मग हसणारेच एकेक करून शेडमध्ये येऊ लागले आणि यंत्राच्या खडखडाटाचा फायदा घेऊन हळूच विचारू लागले, “काका, त्या घाईचं थोडं बी कुणाकडे मिळेल का हो?”

तपासनीस तिशीतला होता. बूट चकचकीत, बोलणं त्याहून चकचकीत. त्यानं आधी वडिलांबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं आणि यंत्र बंद करायची विनंती केली. तिनं खटका ओढला. शेडमध्ये एकदम शांत झालं, तशी त्यानं पिशवीतून एक मोठा छापील फोटो काढून वजनकाट्यावर ठेवला.

फोटोत एक पोतं होतं. तोंड उघडं, आत लांबट फिकट दाणे. पोत्यावर खडूनं लिहिलेलं होतं: पेर.

“हे लंबूच्या कोठारातलं,” तो म्हणाला. लंबू म्हणजे ओढ्यापलीकडचा शेतकरी. सहा फुटांच्या वर असल्यामुळे त्याचं खरं नाव कुणाच्या तोंडी राहिलं नव्हतं. “एकवीस नंबर आहे. त्याच्या शेतातली रोपंही तपासली गेल्या हंगामात, तीच निघाली. लंबू म्हणतो, काकांनी पेर लिहिलं, मी पेरलं.”

“माझे वडील एकवीस नंबरवर पेर लिहिणार नाहीत.”

“लिहिलंय, मॅडम. हे बघा ना.”

तिनं बघितलं. पहिल्यांदा रागानंच बघितलं. मग तिची नजर अक्षरांच्या डोक्यावर गेली आणि तिथेच थांबली.

दोन अक्षरांवर सरळ, नीट, टोकापर्यंत ओढलेली रेघ होती.

तिचे वडील शिरोरेखा देत नसत. आयुष्यात कधी नाही. शाळा चौथीतच सुटली होती, आणि पाटीवर रेघ मारण्यापर्यंत त्यांची गाडी पोचलीच नाही, असं आई म्हणे. ते स्वतः म्हणत, “रेघ कुणी वाचतं का? वाचतात ती अक्षरं. उगाच खडू झिजवायचा.” त्यांचे शब्द पोत्यांवर असे उघड्या डोक्यानं उभे असत. आणि ती, वीस वर्षं फळ्यावर लिहिलेली, खडू हातात आला की अक्षरांआधी रेघच मारायची.

तिला तो दिवस आठवला. आठवला म्हणजे अंगावरच आला. गेल्या वर्षीच्या पेरणीआधी त्यांना पहिल्यांदा दवाखान्यात नेलं, त्याचा आदला दिवस. वडील कोपऱ्यातल्या खुर्चीत, कुशीला उशी, श्वास मोजून घेत होते. लंबूची दोन पोती चाळून शेजारीशेजारी उभी होती. एकात घाई, एकात एकवीस नंबर. उठवेना, म्हणून त्यांनी तिच्या हातून दोन दाणे मागवले, दाढेखाली धरले आणि म्हणाले, “पहिलं पेर. दुसरं विक.” तिनं दारापासून मोजलं. ते खुर्चीपासून मोजत होते.

तिचं लक्ष त्यांच्या श्वासाकडे होतं. पोत्यांकडे नव्हतं. तांबूस की फिकट, हे कुणाही शेंबड्या पोरानं ओळखलं असतं.

“तुम्हाला त्रास द्यायचा नाहीये आम्हाला,” तपासनीस म्हणत होता. त्यानं एक कागद पुढे सरकवला. “दोन कलमं आहेत फक्त. एक, तुमचे दिवंगत वडील कंपनीचं धान्य पेरणीसाठी चाळून देत होते, वर्षानुवर्षं, जाणूनबुजून. दोन, इथून पुढे या यंत्रावर पेरणीसाठी काहीही चाळलं जाणार नाही. खायला, विकायला खुशाल चाळा. सही केलीत की विषय संपला. तुमच्यावर काही नाही, लंबूवरही नाही.”

“काहीही म्हणजे? घाईसुद्धा?”

“वेगळं काढत बसणं अवघड जातं हो,” तो समजुतीनं म्हणाला. “आणि तुमच्यावर बालंट नाही, हे बघा. गेलेल्या माणसावर कोण खटला भरतं?”

“आणि सही नाही केली तर?”

“तर परवाना कार्यालयात सुनावणी. गुरुवारी. तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.”

तो खरंच मनापासून बोलत होता, हे तिला जास्त टोचलं.

तिचा मोठा भाऊ, दादा, त्याच संध्याकाळी शहरातून आला. तो एका मोठ्या दुकानसाखळीत धान्य खरेदीला होता. त्याला बातमी तिच्याआधी लागली असावी. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिघं बसली. आईनं ताटं वाढली, पण स्वतःचं वाढलं नाही. ताईनं दोघांना सगळं सांगितलं: फोटो, रेघ, खुर्ची, दार.

दादानं घास तोंडाशी नेता नेता थांबवला. “म्हणजे ते अक्षर तुझं आहे हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.”

“नाही.”

“मग देवच पावला म्हणायचा. गप्प बस आणि सही कर.”

“बाबांच्या नावावर?”

“अगं, बाबांना आता कोण विचारायला जाणार आहे?” दादाचा आवाज चढला, मग आईकडे बघून उतरला. “हे बघ, ही लहान यंत्रं तशीही दहा वर्षांत बंद होणार. मी रोज बघतो ना. आमचे साहेब म्हणतात, जिथून माल एकसारखा येत नाही तिथे जाऊच नका. घाईला कोण उभं करतं? तू मात्र परवाना घालवून बसशील. कॉलेजात परत घेतील तुला? ठपका घेऊन?”

“घाई नसेल तर चैत्रात…” ती म्हणू लागली आणि थांबली, कारण तिला वाऱ्याचं गणित मांडायचं नव्हतं. “त्या दुसऱ्या कलमावर सही केली, तर वाऱ्याआधी पिकणारा गहू चाळायला जागाच उरत नाही, दादा. न चाळलेलं बी कुणी पेरत नाही. दोन हंगामात संपेल तो. मग सगळ्यांना पाकीटच घ्यावं लागेल.”

“सगळ्यांची काळजी तू वाहणार? बाबांनी वाहिली. काय झालं त्यांचं?”

नळ ठिबकत होता, तो आईनं उठून घट्ट केला.

ती आईकडे वळली. आई आपल्या बाजूनं बोलेल, असं तिला उगाचच वाटत होतं.

“ते गेले,” आई म्हणाली. पाठमोरीच. “त्यांना आता कशानं काय होणार नाही. तुला होईल. मला तू हवी आहेस.”

“त्यांनी चाळीस वर्षांत एक पोतं चुकवलं नाही, आई.”

“माहीत आहे मला. मी होते ना इथेच.” आईनं पदराला हात पुसले. “त्यांनी चुकवलं असतं तर कबूल केलं असतं, तेही माहीत आहे. म्हणून तर सांगते. त्या माणसाच्या वळणावर जाऊ नकोस. त्या वळणावर जाणाऱ्याला घरात बसून जेवायला वेळ मिळत नाही.”

दादा हसला, मग त्याचे डोळे भरले, मग तो ताट घेऊन उठला. त्या रात्रीचं बोलणं तिथेच संपलं.

बुधवारी सकाळी ती ओढा ओलांडून लंबूकडे गेली. तो गोठ्याच्या दारात वाकून उभा होता. त्याच्या घरातली सगळी दारं त्याला वाकायला लावत. तिला बघून त्यानं हातातलं घमेलं खाली ठेवलं आणि बोलायला तोंड उघडलं, पण तिनंच आधी बोलून टाकलं. उभ्या उभ्या, एका दमात.

लंबूनं ऐकून घेतलं. मग डोकं खाजवलं. “थांबा थांबा. काकांचा शब्द वाचून पोतं तसंच गड्यांच्या हाती दिलं मी, आत बघितलंही नाही. म्हणजे जे मी पेरलं ते विकायचं होतं.”

“हो.”

“आणि जे विकलं ते पेरायचं होतं.”

“हो.”

“म्हणजे माझी घाई गिरणीत गेली?”

“गेली.”

“अन् तिचा पाव झाला?” त्याचा चेहरा हळूहळू ताणत गेला. “आणि तो पाव मीच आणला असणार, ताई. पोरीला दुकानातला पावच लागतो. म्हणजे मी स्वतःचं बियाणं भाजून, कापून, कागदात गुंडाळून विकत आणलं. वर लोणी लावलं!”

तिला हसू आलं, आणि त्याच क्षणी ते तिला लाजिरवाणं वाटलं. लंबू हसत नव्हता.

“वर्ष गेलं माझं,” तो म्हणाला. “त्या फिकट गव्हाचं वाऱ्यानं पार भूस केलं, आणि आता हा चकचकीत बूटवाला माझ्यामागे लागलाय. काकांना शिव्या दिल्या मी, माहीत आहे? मेलेल्या माणसाला. म्हटलं, म्हातारा जाता जाता मला बुडवून गेला.”

“शिव्या मला द्या.”

“देणारच आहे. पण आत्ता आठवेनात.” तो पायरीवर बसला, तरी तिच्या खांद्यापर्यंत आला. “गुरुवारी काय सांगणार?”

“हेच.”

“सही केलीत तर मी सुटतो, असं तो म्हणाला मला.”

“मलाही म्हणाला. माझ्या सांगण्यानंही तुम्ही सुटता. तुम्ही पोत्यावरचं वाचलं आणि तसं केलं. चूक लिहिणारीची आहे.”

“आणि तुम्ही?”

लंबूनं घमेलं उचललं. आत जाता जाता, वाकता वाकता, म्हणाला, “माझ्याकडे घाईचा दाणा नाही आता. माळावरच्या मावशींकडे आहेत दोन पोती. त्या म्हणाल्यात, अर्धं देते, पण चाळून. चाळायला तुमचं यंत्र पाहिजे. तेवढं लक्षात असू द्या म्हणजे झालं.”

परवाना कार्यालय म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक अरुंद खोली. भिंतीला फायलींची कपाटं, खिडकीत न चालणारा पंखा. परवाना अधिकारी बाई निवृत्तीला आलेल्या. चष्मा नाकाच्या टोकावर, समोर थर्मासचा चहा. तपासनीस आधीच येऊन बसला होता. त्यानं उठून तिला खुर्ची दिली आणि कागद पुन्हा टेबलावर मांडला, त्यावर पेनही ठेवलं, टोपण काढून.

“सही करताय ना?” बाईंनी विचारलं. “म्हणजे मग मी पुढचं प्रकरण घेते.”

“नाही,” ती म्हणाली. “पहिलं कलम खोटं आहे. ते अक्षर माझं आहे.”

तपासनीसानं तिच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी चालत्या गाडीतून उतरणाऱ्याकडे पाहावं. “मॅडम, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय बोलताय?”

तिनं सांगितलं. श्वास, खुर्ची, दार, मोजायची दिशा. सांगताना आवाज कुठेही हलू द्यायचा नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं, आणि तो हलला नाही. मग शिरोरेखेबद्दल सांगितलं. बाईंनी फोटो उजेडाकडे धरला.

“वडिलांना वाचवायला मुलगी असं म्हणू शकते,” तपासनीस म्हणाला. त्याचा आवाज अजून सौम्यच होता. “रेघ काय, कधी द्यावी, कधी देऊ नये. ते रेघ देत नसत, याला पुरावा काय?”

पुरावा नव्हता. खडू पुसला जातो. चाळीस वर्षांची पोती फाटून, जळून, पायपुसणी होऊन संपली होती.

बाई उठल्या. कपाटाचं दार कुरकुरलं. आतून त्यांनी एक जाड, दोऱ्यानं बांधलेली फाइल काढली, तिच्यावरची धूळ फुंकली आणि त्या धुळीनं स्वतःच खोकल्या. “दर वर्षी परवान्याचा अर्ज स्वहस्ते लिहून द्यावा लागतो,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडचं काही हरवत नाही. सापडतही नाही, ती गोष्ट वेगळी.”

त्यांनी दोरा सोडला. पिवळा कागद, त्याखाली कमी पिवळा, त्याखाली पांढरा. एकोणचाळीस अर्ज. विनंती, यंत्र, चाळणी, आपला नम्र. एकाही शब्दाच्या डोक्यावर रेघ नव्हती. अक्षरं चालायला शिकणाऱ्या मुलांसारखी एकमेकांपासून जराशी लांब उभी होती. सहाव्या वर्षीच्या अर्जाच्या समासात कुणीतरी लाल शाईत शेरा मारला होता: अक्षर सुधारावे. खाली, त्याच वर्षी, वडिलांनी उत्तर लिहिलं होतं, तेही बिनरेघेचं: वाचता आले म्हणूनच शेरा मारला ना?

बाईंचा चष्मा घसरला. त्यांनी तो वर केला, पण ओठ दाबून धरलेले तिला दिसले.

तिला मात्र त्या कागदाकडे फार वेळ बघवेना. वडिलांचा आवाज सात आठवड्यांत तिनं कुठे ऐकला नव्हता, आणि आता तो एका सरकारी कपाटातून, लाल शाईच्या खालून येत होता. तिनं खिडकीकडे पाहिलं. पंखा. पंख्यावरची कोळिष्टकं. मग परत टेबलाकडे वळली.

“पहिलं कलम रद्द,” बाई म्हणाल्या. “दुसरं पहिल्यावरच उभं होतं, तेव्हा तेही. शेतकऱ्याचा दोष नाही. आता तुमचं.” त्यांचा सूर कोरडा झाला. “चूक तुम्ही कबूल केलीत. एक पोतं का असेना, नियम पोती मोजत नाही. या हंगामापुरता परवाना स्थगित. यंत्राला उद्या सील लागेल.”

“पेरणी तीन आठवड्यांवर आहे.”

“मला दिसतं कॅलेंडर.”

“मॅडम, अजूनही सही करता येईल,” तपासनीस घाईनं म्हणाला. “पहिलं कलम काढून टाकू, आमची तक्रारही मागे घेऊ. फक्त दुसरं. यंत्र उद्याही चालूच राहील, सील नाही, काही नाही. वडिलांचं नावही येत नाही मग कुठे. तुम्हाला हवं होतं ते मिळालं ना?”

खोलीतल्या तिघांनाही कळलं, की हा सौदा आधीच्यापेक्षा चांगला होता. वडील सुटत होते. तीही सुटत होती. फक्त घाई जात होती.

“तुमचं बियाणं वाईट नाही,” ती म्हणाली. “मी प्रयोगशाळेत तपासलंय ते. चांगल्या वर्षात उत्तम आहे. चांगली वर्षं तुम्ही पाकिटात घालून द्याल, तेव्हा मी सही करीन.”

तिनं पेनाचं टोपण शोधलं, पेनाला लावलं आणि ते त्याच्या बाजूला ठेवलं.

शुक्रवारी सकाळी नऊला सील लागलं. कार्यालयाचा शिपाई लाख, तार, दोरी घेऊन आला होता, खटक्याच्या पेटीला तार गुंडाळताना तो दोनदा म्हणाला, “माझ्या हातात काही नाही हो.” यंत्राच्या तोंडावर त्यानं कागद चिकटवला. दादा सकाळीच निघून गेला होता. जाताना दारात थांबून त्यानं विचारलं होतं, शेडच्या पत्र्याला भोक पडलंय ते कुणी बुजवणार आहे की नाही.

सव्वानऊला माळावरच्या मावशी आल्या. हातगाडीवर दोन पोती, आणि पोत्यांवर उपडी ठेवलेली, घरात गहू चाळायला असते तशी गोल चाळणी. सील बघून त्या थांबल्या. कागद वाचायला त्यांनी चष्मा काढला, वाचला, परत ठेवला.

“यावर यंत्र असं लिहिलंय,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“हात असं नाही लिहिलेलं.”

“नाही.”

“मग ताडपत्री काढ. उन्हात उभी नको करूस मला.”

ताडपत्री शेडच्या पुढे, रस्त्याच्या कडेला अंथरली. मावशींनी पोतं ओतलं. तांबूस गव्हाचा एक छोटा ढीग झाला. मूठभर चाळणीत घ्यायचं, हलवायचं, चिमलेला दाणा खाली जाऊ द्यायचा, राहिलेल्यातला खडा, काडी, किडका बोटानं वेचायचा. यंत्र तासाला जेवढं करी, त्याला या गतीनं आठवडा लागला असता. दहाच्या सुमारास लंबू आला, मांडी घालून बसला तरी सगळ्यांत उंच. मग आपापली घाईची पोती घेऊन आणखी दोघी. मग ज्यांच्याकडे पोतं नव्हतंच, पण हात होते, असे तिघं. अकराला आई आली. घरातली गव्हाची चाळणी घेऊन.

“हे असं किती दिवस?” आई बसता बसता कुरकुरली.

“तीन आठवडे,” ती म्हणाली.

“आणि पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी यंत्र असेल. नसलं तर हेच.”

“माझी पाठ बघ आणि बोल,” आई म्हणाली, पण मूठ भरून घेतली.

दुपारी तपासनीसाची गाडी रस्त्यानं जाता जाता मंद झाली आणि थांबली. काच खाली आली. त्यानं ताडपत्री बघितली, आठनऊ वाकलेली डोकी बघितली.

“काय चाललंय हे?”

“निवडतोय,” लंबू म्हणाला. “घरी बायको निवडते ना तुमची, तांदूळ वगैरे? तसंच.”

“पेरणीसाठी?”

कुणी मान वर केली नाही. तिनं केली. उठली, कपडे झटकले आणि गाडीपाशी गेली.

“हो, पेरणीसाठी,” ती म्हणाली. “घाई आहे. तुमचा एकही दाणा नाही यात. खाली उतरा, बघा, हवा तो दाणा उचला, तपासायला न्या. नाव लिहून घ्यायचं असेल तर माझं लिहा. वडिलांचं लिहायचं नाही. आणि रेघ देऊन लिहा, म्हणजे नंतर गोंधळ नको.”

तो उतरला नाही. थोडा वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवीत बसला. मग म्हणाला, “असं हातानं किती पेराल तुम्ही? एक शेत? दोन?”

“या वर्षी नऊ,” ती म्हणाली.

काच वर गेली. गाडी निघाली, आणि तिची धूळ ताडपत्रीवर येऊ लागली, तशा मावशी ओरडल्या, “झाका गं, झाका!” सगळ्यांनी जे हाताला लागेल ते, पदर, टॉवेल, रिकामं पोतं, गव्हावर पसरलं. ती पळत आली आणि उरलेल्या कोपऱ्यावर आडवी झाली. धूळ खाली बसेपर्यंत कुणी हललं नाही.

“गेली का?” लंबूनं टॉवेलाखालून विचारलं.

“गेली,” ती म्हणाली. “चला. पुढची मूठ.”